एकाच थाळीतला लसूण-पाव

आमच्या लहानपणी इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर, कापलेली फळं, भजी, समोसे आणि कुणाकडून आलंच तर हलीम असायचं. आता मुलांच्या हट्टाने त्यात गार्लिक ब्रेडही येऊन बसला आहे. बेकरीतून आणा, नाहीतर घरी करा. पण लसूण-लोण्याचा तो वास सुटला की मगरिबच्या अज़ानपर्यंतची शेवटची दहा मिनिटं पोरांना जड जातात. आमची त्याबद्दल काही तक्रार नाही. प्रश्न त्या घरांचा आहे, जिथे एका मुलाला किंवा मुलीला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलेला असतो आणि बाकीचे सगळे तिच्यासमोर गरम पाव तोडत असतात.

या आजाराचं नाव सिलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते अंकुर झिजून सपाट होतात. मग मूल खातं भरपूर, पण अंगाला लागत नाही. कुणाला वारंवार जुलाब, कुणाचं पोट फुगलेलं, कुणाची उंची खुंटलेली. कुणाला पोटाचा काहीच त्रास नसतो, फक्त लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं असंच झालं. तेराव्या वर्षी ती नऊ वर्षांची दिसायची आणि घरात सगळे म्हणायचे, आजीवर गेली आहे, बुटकीच राहणार.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध ओळखला तो हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला. बाकी सगळे खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली. पुन्हा ब्रेड आला आणि ती पुन्हा आजारी पडली. आजही या आजारावर दुसरं औषध नाही. गहू, जव, राय जन्मभर बंद करायचे, एवढाच उपाय. आणि तो नीट पाळला तर आतडं हळूहळू भरून येतं, मूल वाढीला लागतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वजन उतरावं किंवा चेहरा उजळावा म्हणून गहू सोडण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याशी आमच्या या लेखाचं नातं नाही. ज्याला आजार नाही त्याने चपाती खुशाल खावी. आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याने तपासणीआधी स्वतःच्या मनाने गहू मुळीच बंद करू नये. रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, यांवरून निदान होतं. पण गहू आधीच बंद केला असेल तर तपासणी खोटी चांगली येऊ शकते. निदान झालं की सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण हा आजार घराण्यात चालतो.

आता आपल्या दस्तरखानाकडे पाहू. समोसा, नान, शीरमाल, नानखटाई यांत मैदा आहे हे सगळ्यांना कळतं. हलीम आणि खिचड्यात कुटलेला गहू असतो, हलीमात बऱ्याचदा जवही. ईदच्या शीरखुर्म्यातल्या शेवया गव्हाच्याच. रव्याचा हलवा म्हणजे गहूच. बाजारच्या कबाबात बांधणीसाठी ब्रेडचा चुरा घालतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजाऱ्यासाठी सांगितलेली तलबीना बाकीच्यांना जरूर द्यावी, पण ती जवाची असते, म्हणून सिलिॲकच्या रुग्णाला ती चालत नाही, दूध, मध आणि तांदळाचं पीठ घेऊन तशीच पातळ लापशी करून द्यावी. आणि सगळ्यांत फसवा पदार्थ म्हणजे हिंग. डबीतला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचावं. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ असं छापलेलं असेल तर आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे त्यात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. किती बारीक हिशेब आहे हे यावरून लक्षात यावं. म्हणूनच ‘बिस्मिल्लाह म्हणून एक घास घे गं, एवढ्याशाने काही होत नाही’ हे मायेचं बोलणं या मुलांच्या बाबतीत बरोबर नाही. घास तर सोडाच, चपातीच्या तव्यावर भाजलेली भाकरीही त्यांना त्रास देऊ शकते.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत ग्लुटेन नाही. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या रुग्णाचं नशीब पुष्कळ चांगलं म्हणायचं. भाकरी तर आपल्याकडे रोजचीच. पण गिरणीत काय होतं पाहा. पुढच्या बाईचा गहू दळून झाला की त्याच जात्यातून आपली ज्वारी निघते. पहिल्या दोन-तीन किलोंत गव्हाचं पीठ मिसळून येणारच. त्यामुळे अशा घरात एकतर छोटी घरघंटी असावी, जिच्यात गहू कधीच घातला जात नाही, नाहीतर तांदूळ धुऊन, कपड्यावर सुकवून मिक्सरवर दळावेत. चाळण, पोळपाट, लाकडी उलथनं आणि तवा त्या मुलीचा वेगळा. चाळणीवर आम्ही तर लाल दोरा बांधून ठेवतो, म्हणजे पाहुणी बाई स्वयंपाकघरात आली तरी चुकणार नाही.

भाकरी सोपी, पाव अवघड. कारण पावाला फुगावं लागतं. यीस्ट पिठातली साखर खाऊन वायू सोडतं, आणि गव्हाच्या पिठात ग्लुटेनची रबरासारखी जाळी तो वायू अडवून धरते. तांदळाच्या पिठात अशी जाळीच नाही; वायू निघून जातो आणि पावाऐवजी वीट तयार होते. पण भाकरी करणाऱ्या हातांना याचं उत्तर अर्धं ठाऊक असतं. तांदळाची भाकरी थापायची तर आपण आधी पाण्यात पिठाची उकड काढतो, म्हणजे पीठ चिकट होतं आणि फाटत नाही. कोकणी मुस्लिम घरांत तांदूळ आणि नारळाचं सांदण फुगवून वाफवतात, त्यात कुठे गहू असतो? लसूण-पावासाठी फक्त थोडी आणखी मजबूत पकड लागते, आणि ती मिळते इसबगोलाने. बद्धकोष्ठतेवर रात्री पाण्यातून घेतो तेच हे सत इसबगोल, गुजरातेत उंझा-सिद्धपूरच्या बाजूला ज्याचा मोठा व्यापार चालतो. पाण्यात पडलं की त्याचा जेलीसारखा गोळा होतो, आणि तोच वायू धरून ठेवतो. औषधाच्या दुकानातून साधं घ्यावं. संत्र्याच्या चवीचं नको.

पाव करायचे तर वाटीचं माप विसरा. तांदळाचं पीठ किती बारीक दळलं आहे त्यावर वाटीभर पिठाचं वजन बदलतं आणि या पावात वीस-पंचवीस ग्रॅमचा फरकही जाणवतो. छोटा वजनकाटा घ्यावा, तो पुढे ईदच्या मिठाईलाही उपयोगी पडतो.

दहा पावांसाठी १५० ग्रॅम तांदळाचं पीठ, १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि १०० ग्रॅम साबुदाण्याचं पीठ लागेल. साबुदाणा कोरडाच मिक्सरवर अगदी बारीक करून चाळून घ्यावा. नुसत्या तांदळाचा पाव कोरडा आणि चुरचुरीत होतो, ज्वारी त्याला रंग आणि चव देते, साबुदाणा लवचिकपणा देतो. याशिवाय २० ग्रॅम इसबगोल (साधारण चार मोठे चमचे), ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, एक मोठा चमचा साखर, एक लहान चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल, एक लहान चमचा व्हिनेगर, एक अंडं आणि ३३० मिलिलिटर कोमट पाणी. अंडं चालत नसेल तर त्याऐवजी ५० मिलिलिटर पाणी वाढवा. पाव थोडा कमी फुगेल, पण होईल.

पाणी कोमट म्हणजे बाळाला अंघोळ घालतो तेवढंच. जास्त गरम झालं तर यीस्ट मरतं. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन साखर आणि यीस्ट घाला, दहा मिनिटांत फेस आला पाहिजे. फेस नाही आला तर यीस्ट जुनं आहे, पुढे जाऊच नका. उरलेल्या पाण्यात इसबगोल घालून लगेच चमच्याने हलवत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. दोन-तीन मिनिटांत घट्ट गोळा दिसू लागेल. आता पिठं आणि मीठ एकत्र करून त्यात यीस्टचं पाणी, इसबगोलाचा गोळा, फेटलेलं अंडं, तेल आणि व्हिनेगर घाला आणि पाचेक मिनिटं हाताने दाबून दाबून एकजीव करा. हे पीठ चपातीच्या कणकेसारखं होणार नाही. ते ओलसर, मऊ, हाताला थोडं चिकटणारं असतं. घाबरून वरून पीठ घालत बसलात तर पाव दगड होईल. उलट कडेने चिरा पडत असतील तर चमचाभर पाणी घाला.

हाताला तेल लावून दहा सारखे गोळे करा आणि तेल लावलेल्या डब्यात लादीपावासारखे एकमेकांना चिकटून ठेवा. चिकटून ठेवले की ते बाजूला पसरायच्या ऐवजी वर चढतात. ओलं कापड झाकून उबदार जागी पाऊण ते एक तास ठेवायचे. थंडीत दीड तासही लागेल. गव्हाच्या पावासारखं दोनदा फुगवायचं नाही, आणि दुप्पट होण्याची वाटही पाहायची नाही. दीडपट झाले की ओव्हनमध्ये घाला. जास्त वेळ ठेवले तर भट्टीत बसतात. २०० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, आधी दहा मिनिटं तापवून मग मध्यम-मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. कढईत वरचा रंग येत नाही. नंतर तव्यावर लोणी सोडून पावांची वरची बाजू खरपूस करून घ्यायची, चवीला ओव्हनपेक्षाही बरी लागते असं आमच्या घरातलं बहुमत आहे.

लसणाबद्दल जरा सविस्तर. कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असं हदीसमध्ये आलं आहे, शिजवून त्याचा दर्प मारला तर हरकत नाही, हेही हज़रत उमर (रज़ि.) यांच्या सांगण्यातून कळतं. इफ्तारनंतर तासा-दीड तासात इशा आणि तरावीहला उभं राहायचं असतं, शेजारच्या नमाज़ीचा विचार आपणच करायला हवा. त्यामुळे बाजारच्या गार्लिक ब्रेडसारखा कच्चा किसलेला लसूण आम्ही घालत नाही. दोन अख्खे गड्डे घेऊन त्यांचा वरचा शेंडा कापायचा, तेलाचे थेंब टाकून फॉइलमध्ये बांधायचे आणि ओव्हनमध्ये पस्तीस-चाळीस मिनिटं भाजायचे. कढईवाल्यांनी सोललेल्या पाकळ्या तेलात अगदी मंद आचेवर मऊ होऊ द्याव्यात. पाकळ्या दाबल्या की लोण्यासारख्या बाहेर येतात, गोडसर आणि मायाळू. त्या ६० ग्रॅम लोण्यात कुस्करून मीठ, भरडलेली मिरी आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घालायची. हे लोणी पावाला सुरुवातीपासून फासलं तर लसूण करपून कडू होतो. शेवटची पाच मिनिटं राहिली की अर्धं लावा, उरलेलं बाहेर काढल्यावर. एक मात्र ध्यानात ठेवा: तेलात बुडवलेला लसूण बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचा नाही, त्यात घातक विष तयार होऊ शकतं. लागेल तेवढाच करा, उरला तर फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

हा पाव भट्टीतून काढल्या काढल्या फोडला तर आत चिकट, कच्चा वाटतो. तो कच्चा नसतो. आतली उकड निवून घट्ट व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून वेळ अशी बसवा, की ज़ुहरनंतर पीठ भिजवायचं, असरच्या नमाज़पर्यंत पाव बाहेर आणि मगरिबच्या आधी पाच मिनिटं पुन्हा गरम. रोजाच्या हाताला चव घेता येत नाही, म्हणून मीठ मोजूनच घाला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं, ते. अनेक घरांत त्या मुलीसाठी दोन पाव वेगळे करतात, वेगळ्या डब्यात, वेगळ्या ताटलीत. काळजीपोटीच करतात. पण आपल्याकडे थाळी एक असते. चार-पाच जण एकाच मोठ्या थाळीभोवती बसतात, सालनच्या एकाच वाडग्यात बोटं जातात. जेवूनही पोट भरत नाही, अशी तक्रार सहाबांनी केली तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना वेगवेगळं न खाता एकत्र बसून, अल्लाहचं नाव घेऊन खायला सांगितलं होतं. बाकीच्यांच्या हातात मैद्याचा पाव असेल तर त्या थाळीत या मुलीला हात घालता येत नाही. त्यांच्या बोटांवरून चुरा सालनमध्ये उतरतो. मग ती कोपऱ्यात आपली ताटली घेऊन बसते. बारा-तेराव्या वर्षी ते किती लागतं हे विचारून पाहा. ती मागत नाही, म्हणून तिला लागत नाही असं नसतं. लग्नाच्या दावतीला यायला ती नकोच म्हणू लागते.

म्हणून आमचं म्हणणं असं, की दहाच्या दहा पाव सगळ्यांसाठी हेच करावेत. निदान त्या एका थाळीपुरता गहू घरातून बाहेर. भावांनी नाक मुरडलं तर मुरडू द्या. लसूण-लोणी लागलं की तिसऱ्या पावाला कुणी विचारत नाही तो कशाचा आहे. आमच्या नात्यातल्या त्या मुलीच्या घरी गेल्या दोन रमजानांत हेच चाललं आहे. तिच्या अब्बांना अजून बेकरीचा ब्रून पाव हवा असतो. तो ते सकाळी बाहेर चहाच्या दुकानात खाऊन येतात, आणि रमजानात तो प्रश्नच येत नाही. मुलगी या अडीच वर्षांत चांगली वाढली, हिमोग्लोबिन अकराच्या वर आलं. आता पावांचे गोळे तीच वळते, काट्यावर प्रत्येक तोलून. धाकट्या भावाच्या वाट्याला मोठा जाऊ नये म्हणून, असं तिचं म्हणणं.

एक नाजूक गोष्टही बोलून टाकतो. मुलगी मोठी झाली की घरचे आजार लपवू लागतात. रिश्ता येईल का, सासरी काय म्हणतील. आम्हाला हे लपवणं पटत नाही. जो आजार जेवणाच्या ताटाशी रोज तीनदा बांधलेला आहे, तो सासरी लपणार कसा? लपवायचा म्हणजे मुलीने पहिल्या दिवसापासून चपाती खायची आणि पुन्हा आजारी पडायचं. आहार पाळला तर ती शिकू शकते, नोकरी करू शकते, आई होऊ शकते. उलट निदान न झालेल्या, आहार न पाळणाऱ्या बाईलाच रक्तक्षय आणि गरोदरपणातल्या अडचणींचा धोका असतो. निकाह ठरवताना हे सरळ सांगावं, आणि सोबत डबाभर पाव पाठवावेत.

रोजाबद्दलही विचारलं जातं. आजाऱ्याला अल्लाहने रोजातून सवलत दिली आहे, त्यामुळे निदान नुकतंच झालेलं असेल, अशक्तपणा असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि सवलत घ्यायला संकोचू नये. आतडं भरून आलेली, तब्येत सुधारलेली पुष्कळ माणसं रोजे व्यवस्थित ठेवतात. सहेरीला ज्वारीची भाकरी, अंडी, दही हे पोटात बराच वेळ टिकतं. मशिदीतल्या इफ्तारला मुलाला पाठवताना खजूर, केळं आणि पाणी बिनधास्त. भजी-समोशांच्या थाळीला हात नको, कारण भजी बेसनाची असली तरी कढईतलं तेल समोशांचंच असतं.

उरलेल्या पावांचं म्हणाल तर हे दुसऱ्या दिवशी कडक होतात, आणि फ्रिजमध्ये तर आणखी लवकर. त्याच रात्री, थंड झाले की पिशवीत बांधून थेट फ्रीझरमध्ये टाकावेत, महिनाभर राहतात. तरावीहून आल्यावर कुणाला भूक लागली तर पाण्याचा हलका हबका मारून, झाकण ठेवून तव्यावर चार-पाच मिनिटं. पिशवीवर त्या मुलीचं नाव लिहून ठेवा, नाहीतर सहेरीपर्यंत एकही शिल्लक राहत नाही.